ढवळ्याची चोच

ढवळ्या आमच्या घरी आला तेव्हा तो बगळा होता. म्हणजे आम्ही सगळ्यांनी त्याला बगळा ठरवलं होतं. बगळ्याचं पिल्लू कसं असतं हे आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. पण पिल्लू पांढरं आहे, तलावातल्या बाभळीखाली सापडलं आहे आणि त्या बाभळीवर बगळ्यांची घरटी आहेत, एवढ्या पुराव्यावर निकाल झाला. पुढे वर्तमानपत्रात नोकरी करताना याहून कमी पुराव्यावर झालेले निकाल मी पाहिले, काही छापलेही. पिल्लाच्या अंगावर सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखी विरळ लव होती. पोट उघडं आणि ताणलेलं. चोच आखूड, जाड, मऊ, आतून गुलाबी असलेल्या पेरूच्या रंगाची. तिच्यात चमच्यासारखं काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर गावातल्या बऱ्याच जणांनी आपल्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं असा दावा केला.

आमचं गाव उदगीरहून देवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, आठवडी बाजाराचं. त्या काळात पाऊस लागोपाठ कमी झाला होता आणि लातूर जिल्हा नवा होता. दोन्ही गोष्टी एकदमच आल्या, म्हणून लोकांच्या बोलण्यात त्या मिसळून गेल्या होत्या. ‘जिल्हा झाल्यापासून आभाळ फिरलं’ असं म्हणणारे होते आणि ‘जिल्हा झाला म्हणून निदान टँकर तरी येतो’ असंही म्हणणारे होते. दोघेही आमच्याच दुकानाच्या पायरीवर बसत. पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ काहींनी पुसलं होतं, काहींनी त्यावर पिवळा रंग मारून ‘लातूर’ लिहिलं होतं, आणि रंग पातळ असल्यामुळे दोन्ही जिल्हे एकाच वेळी वाचता येत. कोणत्या कामाला कुठं जायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उस्मानाबादेत सांगत, आता लातूरला जा. लातूरला सांगत, तुमचे कागद अजून आले नाहीत. गावाबाहेरच्या पाझर तलावाचंही तसंच होतं. तो कुणाच्या खात्यात येतो याचा पत्ता लागत नव्हता, पण त्याच्यातलं उरलेलं पाणी टँकरसाठी राखून ठेवायचं असं ठरलं होतं आणि काठावर एक इंजिन येऊन बसलं होतं. ते दिवसभर धडधडत असे. पोळ्यानंतर झालेल्या एकाच मोठ्या पावसाने तलावात पाणी आलं, पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर पाखरांनी उशिरा घरटी केली आणि घरट्यांत पिल्लं असतानाच पाणी बुंध्यांपासून मागे सरकू लागलं.

पिल्लू अव्वाने आणलं. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर बिदरकडचं. ती मराठीत संसार करायची आणि कानडीत रागवायची. घरची विहीर आटल्यामुळे ती धुणं घेऊन तलावावर जात असे. परत येताना ओल्या कपड्यांच्या पिळ्यावर ते पिल्लू ठेवून ती आली आणि दुकानातल्या रिकाम्या टोपलीत तिने त्याला बसवलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, ज्वारी मोजत होते. आमचं दुकान पुढं, घर मागं. दोन्हींच्या मध्ये फक्त एक पडदा होता, त्यामुळे वजनं तराजूत पडल्याचा आवाज आणि चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज लहानपणापासून मी एकत्रच ऐकले आहेत. आमच्याकडे भाकरी कडक करतात. पापडासारखी मोडते आणि डब्यात महिनाभर टिकते. तिच्याबरोबर शेंगाची चटणी आणि मोठ्या मडक्यातली आंबट आंबील. दुष्काळातही हे चुकलं नाही, फक्त आंबील पातळ झाली.

“हे काय?” अप्पांनी विचारलं.

“पाखरू.”

“ते दिसायलंय मला. खाणार काय?”

“आपल्या घरी आलंय. आपल्या घरचं खाईल,” अव्वा म्हणाली.

अप्पांना हे पटलं. यात विनोद नव्हता. आमचं घर लिंगायताचं. घरात मांस, मासा, अंडं कधी आलं नव्हतं. अंडी विकणारा सायकलवाला आमच्या दुकानापुढे थांबला तर अप्पा त्याला पुढच्या खांबापर्यंत ढकलत नेत. पण आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही हाही नियम होता, आणि जो कुणी येईल त्याने घरात शिजलेलंच खावं हे त्यातच गृहीत होतं. दुकानातली मांजर उंदरांवर जगत होती. पण ती रोज सकाळी दूधभाकरी खायची, आणि अप्पांच्या दृष्टीने तेच तिचं जेवण होतं.

पहिले काही दिवस ढवळ्याला आंबील दिली, दुधात कुस्करलेली भाकरी दिली, सोमवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दिली. त्याला हे नाव मी ठेवलं. पांढऱ्या बैलाला ठेवतात तेच, दुसरं सुचलं नाही. जवळ गेलं की तो मान खालीवर करायचा, पंखांची थोटकं हलवायचा आणि बारीक, थरथरता आवाज काढायचा. अव्वाने मूठ पुढे केली की चोच तिच्या मुठीत खुपसायचा. या पाखरांची पिल्लं आईच्या घशात चोच घालून खातात हे मी फार नंतर वाचलं. तो अव्वाच्या मुठीत घसा शोधत होता. मुठीत भाकरी असे. तो ती घ्यायचा, थोडा वेळ तसाच बसायचा आणि मग सगळं बाहेर टाकायचा. त्याच्या छातीचं हाड वर दिसू लागलं. अव्वा टोपलीशी बसून राहायची. अप्पा गिऱ्हाईक सोडून दोनदा आत येऊन बघून जायचे. तो मरणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं. कशाने मरणार हेही कळत असावं, पण ते कुणी बोललं नाही.

मी शाळेच्या वाटेवर यमुनाबाईला गाठलं. यमुनाबाई भोयाची. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे आणि ती तलावाच्या आटलेल्या कडेला, खड्ड्यांत अडकलेली बोटभर मासळी टोपलीने उपसत असे. तिच्या घरचं पाणी आम्ही पीत नव्हतो. माणसामाणसांत भेद नाही असं सांगणारी वचनं अप्पा रोज संध्याकाळी म्हणत असत आणि तरी तिच्या घरचं पाणी आम्ही पीत नव्हतो. या दोन गोष्टी माझ्या मनात तेव्हा शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, एकमेकींवर आपटत नव्हत्या. मी माझी कंपासपेटी उघडून तिच्यापुढे धरली. तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चार जिवंत मासळ्या आत सोडल्या.

“कुणाला सांगू नको,” मी म्हणाले.

“मी कशाला सांगू? तुजी आई माजी काय सासू हाय?”

ढवळ्याने पहिली मासळी घेतली तेव्हा तो गुदमरला असंच मला वाटलं. गळ्यातून एक गाठ खाली सरकताना दिसली. मग त्याने चोच पुन्हा उघडली. त्या दिवशी त्याने काही बाहेर टाकलं नाही. मी पेटी राखेने घासली, तरी भूमितीच्या तासाला कर्कटकाला वास येत राहिला.

त्यानंतर तो वाढला, आणि माझ्या समजुतीपेक्षा फार वेगाने वाढला. हे मला तेव्हाच खटकलं होतं. सहामाही परीक्षेत मला तलावाकडे जाता आलं नाही. मी धावत घरी आले तर तो पोट फुगवून, एक पाय वर घेऊन, परसातल्या गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीशी झोपलेला. माझा हिशोब जुळत नव्हता. अव्वा म्हणाली, आंबील मानवली. अप्पांनी तर दुकानात जाहीरच केलं, “निव्वळ आंबिलीवर वाढलंय. मांसाचा एक कण न्हाई. घरात संस्कार असला की पाखरूबी शिकतं.” हे ते इतक्या ठामपणे सांगत की मला क्षणभर वाटे, माझ्या मासळ्या हाच काहीतरी गैरसमज असावा.

मग त्याची चोच बिघडू लागली. आधी ती लांब झाली, ते ठीक होतं. पण टोकाशी ती चपटी होत चालली आणि रुंदही होत चालली, जणू कुणी झोपेत तिच्यावर पाटा ठेवला होता. बगळ्याची चोच सुईसारखी असते हे सगळ्यांना माहीत होतं. अव्वाने निदान केलं की टोपलीच्या काठावर आपटून आपटून सूज आली आहे. अप्पांनी आंबेहळद उगाळून तुरटीच्या पाण्यात कालवली आणि रोज सकाळी ढवळ्याच्या चोचीला लेप लागू लागला. तो पिवळी चोच घेऊन अंगणात हिंडे आणि डोणीत बुडवून सगळा लेप धुऊन टाकी. शेवटी अप्पांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते देवणी वळूंची तपासणी करायला आले होते. त्यांनी ढवळ्याची चोच दोन बोटांत धरून दाबली. ढवळ्याने चोचीने टाळी वाजवावी तसा खटखट आवाज केला.

“सूज असती तर दुखलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “ह्याला तर मजा यायलीय.”

“मग हे काय म्हणायचं?”

“मी गाई-बैलांचा डॉक्टर हाय, सावकार.”

उत्तर मला तलावावर मिळालं, आणि तेही शोधत नसताना. पाणी आता इतकं उरलं होतं की मधल्या भागात पाखरांचे गुडघे दिसत. बगळ्यांपेक्षा मोठी, जड पांढरी पाखरं तिथे ओळीने उभी होती. त्यांच्या चोची लांब, काळ्या, आणि टोकाला सपाट, गोल. पूजेतल्या पळीचा दांडा आणि पुढची वाटी लाटण्याने लाटून काढावी तशा. काहींच्या मानेच्या बुडाशी हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा पट्टा होता. ती सगळी एकाच दिशेने चालत होती आणि चालताना चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होती. शेतकरी विळ्याने गवत कापत जातो त्या लयीत. बगळा टक लावून बघतो आणि टोचतो. ही पाखरं बघतच नव्हती. गढूळ पाण्यात चोचीला काही लागलं की ती मिटत असे. सगळं काम स्पर्शाने चाललं होतं. आणि आवाज नव्हता. एवढा मोठा थवा, पण इंजिनाच्या धडधडीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्यात तीन-चार वेगळी होती. चोच फिकट, अजून पुरती न रुंदावलेली, पंखांची टोकं काळी. आम्ही ज्याला लेप लावत होतो ते दुखणं हेच होतं. ते दुखणं नव्हतं.

या पक्ष्याला मराठीत चमच्या म्हणतात, पुस्तकात दर्वीमुख असंही नाव आहे. नांदेडला आल्यावर गोदावरीच्या फुगवट्यावर मी त्यांना पुष्कळदा पाहिलं आहे. पिल्लाची चोच जन्मतः चमच्यासारखी नसते, ती हळूहळू पसरते. मोठेपणी ही पाखरं जवळजवळ मुकी होतात. हे सगळं आता मला एका दमात सांगता येतं. असा पक्षी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे हेही. तो कायदा तेव्हाही असावा. आमच्या गावात पोचलेल्या गोष्टींत तो नव्हता.

मी घरी येऊन सांगितलं. अव्वाने ढवळ्याकडे नव्याने पाहिलं आणि हात जोडले.

“पळी घेऊन आलाय,” ती म्हणाली. “पुजेची पळी तोंडात धरून आलाय, आणि आपण हळद लावत बसलो.”

इथून घरातला गोंधळ वाढला. ढवळ्या पांढरा, भस्म लावल्यासारखा. भांडत नाही, ओरडत नाही. तोंडात पळी. आंबिलीवर जगतो. अप्पांनी दुवे जुळवले आणि तो शिवाचं पाखरू ठरला. बायका सोमवारी त्याला बघायला येऊ लागल्या. कुणी त्याच्यापुढे बेल ठेवत, तो बेलावरूनही चोच डावी-उजवी फिरवत असे. समोरचा शिंपी काशिनाथ दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, “जिल्हा झाल्यापासून चमचे लई झाले बाबा. ह्यो एकच बिनकामाचा.” अप्पा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मी कंपासपेटी चालूच ठेवली. अप्पांचं बोलणं खरं राहावं यासाठी ढवळ्या जिवंत राहणं आवश्यक होतं, आणि तो जिवंत राहावा यासाठी अप्पांचं बोलणं खोटं असणं आवश्यक होतं. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. यातली कोणती बाजू माझी, ते मला कळत नव्हतं.

पिकाची पूजा करून शेतातच जेवायची ती वेळ अमावस्या झाली. त्या वर्षी शेतात उभं पीक नव्हतं, लोकांनी रिकाम्या रानात भज्जीचं, म्हणजे मिसळ भाजीचं, आणि आंबिलीचं जेवण केलं आणि लवकर घरी आले. त्यानंतरच्या एका सोमवारी अप्पांनी स्वामींना बोलावलं. स्वामी आमच्या घराण्याचे जंगम गुरू. वर्षातून एकदा ते येत, अप्पा-अव्वा त्यांचे पाय परातीत धूत, ते पाणी तीर्थ म्हणून घेत आणि मग स्वामी जेवत. स्वामी जेवले की घर वर्षभरासाठी नीट झालं असं मानलं जाई. ते पानावरून उठून गेले असं एखाद्या घराचं झालं तर लोक त्या घराचं नाव आवाज खाली करून घेत. अप्पांनी स्वामींना ढवळ्याचं सगळं कळवलं होतं. शेजारच्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. अव्वाने हुग्गीत तूप सोडलं होतं आणि त्याचा वास दुकानापर्यंत गेला होता.

स्वामी पाटावर बसले. स्थूल, दम लागणारे, बोलायला मोकळे. अव्वाने पितळी परातीत पाणी ओतलं, त्यांनी पाय ठेवले. ढवळ्या अंगणात होता. त्याला उथळ, सपाट पाणी दिसलं. त्या दुष्काळात तेवढं उथळ पाणी त्याला दुसरीकडे कुठं दिसणार होतं? तो संथपणे चालत आला, परातीशी उभा राहिला आणि स्वामींच्या दोन्ही पायांच्या मधून, भोवतून, चोच डावीकडून उजवीकडे फिरवू लागला.

“यव्वा, पाय धुवायला लागलं!” एक बाई म्हणाली. बायकांनी हात जोडले. अप्पांचे डोळे भरून आले होते. मी ते पाहिलं आहे.

स्वामी सुरुवातीला हसत होते. मग ढवळ्याच्या चोचीला त्यांचा अंगठा लागला आणि ती मिटली. चोचीला काही लागलं की ती मिटते, एवढाच त्याचा स्वभाव. स्वामींनी ओरडून पाय वर ओढला. ढवळ्या दचकला, आणि या पाखरांची पिल्लं घाबरली की जे करतात ते त्याने केलं. त्याने परातीत सकाळचं सगळं बाहेर टाकलं. मासळ्या होत्या, अर्ध्या विरलेल्या. बेडकीचा एक पाय होता. तो अगदी स्पष्ट होता.

स्वामी पाटावर एक पाय वर धरून तसेच बसले. आत हुग्गी रटरटत होती.

“मी दिली,” अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा होता, पण त्यांनी तो कुणाकडे बघून काढला नाही. “पाखराचा दोष न्हाई. मीच आणून चारली.”

“तुम्ही?” अव्वा म्हणाली. “तुम्ही कवा? मी देते त्याला. दळणाच्या डब्यातून आणते मी.”

“तू?”

“आणि मीबी,” मी म्हणाले. “शाळेतून येताना.”

अप्पांनी आधी माझ्याकडे, मग अव्वाकडे पाहिलं. अप्पा रोज पहाटे तांब्या घेऊन बेल आणायला जात. बेल आणायला तांब्या कशाला लागतो, हा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता. अव्वा गिरणीला जाताना लांबच्या वाटेने जात होती. आम्ही तिघं एकाच बाईकडून, एकाच पाखरासाठी, एकमेकांपासून लपवून मासळी आणत होतो. नंतर मी यमुनाबाईला जाब विचारला तेव्हा ती टोपली खाली न ठेवता म्हणाली, “मला काय इचारता? एका घरात ऱ्हाता तिघं. बोलत न्हाई व्हय एकमेकाशी?”

स्वामींनी तिघांची साक्ष ऐकली. “एका पाखराला तीन-तीन स्वयंपाकी,” ते म्हणाले. “मग आंबील कोण पीत होतं?”

ही थट्टा होती की झिडकारणं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही खात्रीने सांगता येत नाही. ओट्यावर एक बाई हसली आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला. स्वामींनी नवीन पाणी मागितलं, स्वतःचे पाय स्वतः धुतले. अव्वाने पान मांडलं होतं. ते पानाकडे बघून म्हणाले, “आज न्हाई. पाखरू त्याच्या घरी जाऊ द्या. मग बोलवा, मी येतो.” आणि चपला घालून निघाले. बायका एकेक करून उठल्या. केळीचं पान तसंच राहिलं, त्यावर मीठ वाढलेलं.

अप्पांनी पुन्हा आंघोळ केली. अव्वावर ते रागावले नाहीत, माझ्यावरही नाही. संध्याकाळी ते नेहमीसारखे लिंगपूजेला बसले. त्याच हाताने, ज्या हाताने पहाटे मासळी धरली होती. किती दिवसांपासून ते असं करत होते, आणि रोज तो हात धुताना त्यांनी मनाशी काय ठरवलं होतं? मी खांबाशी उभी राहून बघत होते. एकाने केलं असतं तर ते पाप झालं असतं, एवढं मला समजत होतं. तिघांनी केलं म्हणजे त्याचं काय होतं हे समजत नव्हतं. पूजा झाल्यावर अप्पांनी मला हाक मारली. मला वाटलं आता बोलणार.

“उडतंय का ते नीट?”

“पत्र्यावर जातंय. तिथून काशिनाथच्या छपरावर.”

“तलाव किती उरलाय?”

“डबकं,” मी म्हणाले. “इंजिन परवा बंद होणार म्हणत्यात. मग ती पाखरंबी थांबणार न्हाईत.”

त्यांनी मान हलवली. अडचण उघड होती. ढवळ्याने स्वतःहून कधी पोट भरलं नव्हतं. थव्याबरोबर तो गेला तरच जगणार होता, आणि थवा पाण्याबरोबर जाणार होता. घरी ठेवावा तर स्वामी पुन्हा येणार नव्हते. अप्पांना स्वामी हवे होते आणि ढवळ्या मरायला नको होता. त्यांनी कोणत्या कारणासाठी लवकर निघायचं ठरवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं निघालो. ढवळ्या अव्वाच्या टोपलीत, वरून लुगड्याचं धडपं. वाटेत काशिनाथने विचारलं, “सावकार, चमच्याची बदली झाली का?” अप्पा म्हणाले, “हाव. नव्या जिल्ह्यात.” ते कधी विनोद करत नसत.

तलावाचा तळ भेगाळला होता. भेगांवरून चालत आम्ही पाण्यापर्यंत गेलो. थवा तिथे होता, विरळ झालेला, मोठी पाखरं आणि काळ्या पंखटोकांची पिल्लं. अव्वाने टोपली कलती केली. ढवळ्या बाहेर आला, उभा राहिला. त्याने एकदा चोचीने पंखाखालची पिसं नीट केली, मग पाण्यात पाऊल टाकलं आणि दुसऱ्याच क्षणी तो चोच फिरवत ओळीत चालू लागला होता. ओळीतल्या कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. त्याला हे कुणी शिकवलं? आम्ही तर नक्कीच नाही. थोड्या वेळाने ओळ वळली, वाकडी झाली, पुन्हा सरळ झाली, आणि तो कोणता हे आम्हाला कळेनासं झालं.

“त्यो बघ आपला,” अप्पा म्हणाले. “कडेचा.”

“कडेचा न्हवं. मधला, मान आखूड केलेला. मी वळखत न्हाई का?” अव्वा म्हणाली.

मला वाटलं दोघंही चुकताहेत. माझ्या मते तो सगळ्यांच्या पुढे होता. मी बोट करून दाखवलं. आम्ही तिघं त्या तळात उभं राहून आपापल्या पाखराची बाजू मांडत होतो. अप्पांनी पुरावा म्हणून चाल सांगितली, अव्वाने मान, मी चोचीचा रंग. एवढं मोकळं आम्ही तिघं एकमेकांशी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. थवा उठला. बगळे मान मुडपून उडतात, ही पाखरं मान सरळ लांबवून उडतात, चोचीसकट. आभाळात एक रेघ ओढल्यासारखी ती उदगीरच्या बाजूला वर चढली. अप्पांचा गेला, अव्वाचा गेला, माझाही गेला. खाली एक पिल्लू राहिलं. आमच्यापैकी कुणीही त्याच्याकडे बोट केलं नव्हतं. ते पाण्याच्या कडेला उभं होतं, आमच्याकडे तोंड करून. मग ते चालत आमच्याकडे येऊ लागलं.

अप्पांनी टाळी वाजवली. ते थांबलं, आणि पुन्हा येऊ लागलं. अप्पांनी टोपलीकडे पाहिलं. ते खाली वाकतील असं मला वाटलं, आणि वाकावं असंही वाटलं.

“होग!” अव्वा ओरडली. जा म्हणाली, तिच्या माहेरच्या कानडीत, एवढ्या जोराने की इंजिनवाल्याने मान वर केली. “होग, होग!” तळातलं एक ढेकूळ उचलून तिने त्याच्या पायाशी मारलं. ढेकूळ फुटलं. ते पाखरू दोन पावलं मागे धावलं, पंख उघडले, जड होऊन उठलं, आणि पाण्यावर पाय घासत, मग न घासत, रेघेच्या मागे लागलं. ते रेघेला मिळेपर्यंत आम्ही बघत होतो. मिळालं असं अप्पा म्हणाले. मला उन्हात नीट दिसलं नाही.

गावाच्या वेशीपर्यंत अव्वा दोन्ही हात एकमेकांवर झटकत होती. मी तिला म्हणाले, काही लागलेलं नाही. ढेकूळ कोरडं होतं, त्याला चिखल नव्हताच. तरी ती झटकत राहिली.